सिग्नलवरची मुलगी रात्री कुठे झोपते, ते आधी शोधा

गंगापूर रोडला राहणाऱ्या एका शिक्षिकेनं विचारलं आहे: "आमच्या सिग्नलवर दोन बहिणी गजरे विकतात. धाकटी आठ-नऊ वर्षांची, थोरली तेरा-चौदाची असावी. रात्री नऊपर्यंत तिथेच असतात, नंतर कुठे जातात कळत नाही. मी त्यांना पैसे द्यावेत का? १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन केला तर त्यांचं पुढे काय होतं? की मीच त्यांना घरी आणून शिकवू? मागे एका संस्थेत पाठवलेली मुलगी पळून आली असं ऐकलं, म्हणून धीर होत नाही."

ताई, 'नंतर कुठे जातात कळत नाही' या तुमच्या वाक्यापासूनच सुरुवात करते. नाशिकमध्ये रस्त्यावरच्या मुलींसोबत मी वीसेक वर्षं काम करते आहे. रामकुंड, निमाणी, सीबीएस, द्वारका, मुंबई नाका, नाशिकरोड स्टेशन हा आमचा रोजचा फेरा. नवी मुलगी दिसली की आम्ही तिचं नाव, गाव, जात काहीच विचारत नाही. ती रात्री कुठे झोपते, एवढंच आधी शोधतो. पुढचं सगळं त्यावर ठरतं.

काही मुली दिवसभर रस्त्यावर असतात आणि रात्री आईबापांसोबत झोपडीत किंवा पालावर परततात. काहींचं अख्खं कुटुंबच पुलाखाली किंवा फुटपाथवर राहतं. आणि काही एकट्या असतात, घरातून निघालेल्या, हाकललेल्या किंवा हरवलेल्या. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाच्या कार्यपद्धतीतही हेच तीन गट आहेत. बाहेरून बघणाऱ्याला तिघी सारख्याच दिसतात. तेच मळके केस, तेच अनवाणी पाय. पण एकीला जे लागतं ते दुसरीला दिलं तर तिचं नुकसान होतं.

तुमच्या दोघी बहुधा पहिल्या किंवा दुसऱ्या गटातल्या. गजरा एकट्या मुलीला विकता येत नाही. पहाटे फुलबाजारातून कळ्या आणाव्या लागतात, त्याला थोडं का होईना भांडवल लागतं. ओवायला दोन-तीन जणींचे हात लागतात, आणि माल संध्याकाळपर्यंत ओल्या फडक्यात जपावा लागतो. म्हणजे मागे आई, आजी, मावशी कोणीतरी आहे. रामकुंडावर दोरीला चुंबक बांधून पाण्यातली नाणी काढणारी मुलगी मात्र एकटी असू शकते. तिला भांडवल लागत नाही की मागे कोणी माणूस लागत नाही.

या दोघींना तुमच्या घरी नेऊ नका. तुमचा हेतू कितीही चांगला असो, परक्याचं मूल असं परस्पर घरात ठेवता येत नाही. पालकांपासून दुरावलेलं मूल सापडलं तर २४ तासांत चाइल्डलाइन (म्हणजेच १०९८), पोलीस, बाल कल्याण समिती किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्ष यांच्यापैकी कोणाला तरी कळवणं बाल न्याय अधिनियम २०१५ नुसार बंधनकारक आहे. आणि इथे तर बहुधा आई आहे. उद्या ती दारात उभी राहिली तर तिला तुम्ही काय सांगाल?

पैशांचं म्हणाल तर 'भीक देऊ नका' ही पाटी मी कधी हातात धरलेली नाही. गजरा विकणं हा धंदा आहे. दिवसा, आईकडून, भाव न पाडता घ्या. रात्री आठनंतर मुलीच्या हातून मात्र घेऊ नका. सिग्नलवर रात्री लहान मुलीला मोठ्या बाईपेक्षा जास्त पैसे मिळतात, म्हणून तर तिला तिथे उभं केलं जातं. तिची रात्रीची कमाई आटली की तिला लवकर परत नेण्याबद्दल आईशी बोलता येतं. हे मी आईला दोष देण्यासाठी सांगत नाही. त्या बाईचा हिशोब मी जवळून पाहिला आहे. पाणी विकत, सुलभमध्ये जायचं तर पैसे, मोबाइल चार्ज करायचा तर पैसे. रस्त्यावरचं जगणं स्वस्त असतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी एक दिवस त्यांच्यासोबत काढावा.

आता १०९८. ही सेवा १९९६ मध्ये मुंबईत सुरू झाली. २०२३ पासून ती सरकारच चालवतं आणि ती ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडलेली आहे. फोन केला की मुलांना उचलून कुठेतरी डांबतात, ही भीती मी पुष्कळांकडून ऐकते. कायद्यात असं कुठेही नाही. मुलीला आणलंच तर २४ तासांत बाल कल्याण समितीपुढे उभं करावं लागतं. समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, त्यात किमान एक बाई असावीच लागते. मुलीच्या घरची परिस्थिती तपासून अहवाल द्यायला १५ दिवस असतात, अंतिम निर्णयाला चार महिने. आणि संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय आहे, हे त्याच कायद्याच्या मूलतत्त्वांत लिहिलेलं आहे. आई गरीब आहे एवढ्या कारणावरून मुलगी तोडायची नसते. कागदावरचं सगळं रोज तसंच घडतं असं मी म्हणणार नाही. म्हणून फोन करणाऱ्यानं नंतर चौकशी करत राहावं. 'त्या दोघींचं काय झालं?' असं बाहेरचं कोणी आठवड्यानं विचारतंय म्हटल्यावर फाइल हलते.

पण काही वेळा थांबायचं नाही, तिथल्या तिथे फोन करायचा. मुलगी रात्री एकटी आहे, अंगावर मार आहे, नशेत आहे, अनोळखी पुरुषासोबत जाते-येते आहे, पोटुशी दिसते आहे, किंवा स्टेशनवर पिशवी घेऊन भांबावल्यासारखी बसली आहे. नाशिकरोड हे मुंबईच्या वाटेवरचं स्टेशन. उत्तरेकडून पळून निघालेल्या मुली कधी मनमाडला उतरतात, कधी इथे. मुलगी फलाटावर उतरल्यापासूनचे पहिले काही तास सगळ्यात धोक्याचे असतात, कारण तिच्याशी गोड बोलणारं माणूस आपल्याआधी तिथे पोहोचलेलं असतं.

संस्थेतून पळून आलेल्या मुलीबद्दल तुम्ही लिहिलंत. त्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण माझ्या हातून एक मुलगी अशीच गेली.

कामाच्या सुरुवातीची वर्षं होती. निमाणीवर एक दहा-अकरा वर्षांची मुलगी भेटली. एकटी होती, तापानं फणफणली होती. त्याच दिवशी समितीपुढे नेलं, रात्री ती एका संस्थेत दाखल झाली. मला कृतकृत्य वाटलं. दुसऱ्या दिवशी तिथे तिचे केस काढले. उवा होत्या, म्हणून सरळ गोटा. तिचे कपडे जाळले, त्यांत तिची एक पुरचुंडी होती, तीही गेली. चौथ्या रात्री ती भिंतीवरून उडी मारून गेली. आठ महिन्यांनी मला ती सिव्हिल हॉस्पिटलमध्ये दिसली, आणि तिनं मला ओळख दिली नाही. त्या पुरचुंडीत काय होतं हे मला आजही माहीत नाही.

उवांना औषध मिळतं. लावायचं, बारीक दातांच्या फणीनं केस विंचरायचे, आठ-दहा दिवसांनी पुन्हा लावायचं. दोन तास जातात, आणि त्या दोन तासांत मुलगी तुमच्यासमोर पाठ करून बसते, डोकं तुमच्या हातात देते. जिच्या अंगाला लोकांनी फक्त मारायला किंवा वाईट हेतूनं हात लावला, तिच्यासाठी ही साधी गोष्ट नसते. आता आमच्याकडे विचारल्याशिवाय कोणाच्या केसांना कोणी कात्री लावत नाही. कपडे जुने असले तरी धुऊन, तिच्या नावाची चिठ्ठी लावून ठेवतो.

त्यानंतर मी शिकले ते चुंबकवालीकडून. खरं नाव सांगत नाही. गांधी तलावाच्या पायऱ्यांवर बसायची, वय असेल बारा. दशक्रियेला आलेले लोक पाण्यात पैसे टाकतात, ती ते काढायची. मी रोज दुपारी तिच्यापासून चार पायऱ्या सोडून बसायचे. सोबत शेंगदाणे. तीन आठवडे ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. मग एका दुपारी म्हणाली, "माझे पैसे ठेवशील का? रात्री पोरं काढून घेतात." मी होय म्हटलं. दुसऱ्या दिवशी एक डबा आणला, एक वही आणली. ती रोज नाणी द्यायची, मी तिच्यासमोर मोजून लिहायचे, हवे तेव्हा परत द्यायचे. एकदा तिनं सगळेच्या सगळे मागितले. मी न विचारता दिले. संध्याकाळी ते तसेच परत घेऊन आली. तिनं मला तपासून बघितलं होतं.

पावसाळ्यात गोदेला पूर येतो, घाट पाण्याखाली जातो. घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी आलं यावर नाशिककर पुराचा अंदाज घेतात. ज्यांचं अंथरूण घाटावर असतं त्यांना मात्र त्याच्या कितीतरी आधी उठावं लागतं. अशाच एका रात्रीनंतर तिनं आपणहून विचारलं, "तुझं ते घर कसं आहे? दार आतून लागतं का?" ती आमच्या बालगृहाबद्दल विचारत होती. मी तिला आधी नुसतं बघायला नेलं. ती फिरली, संडास बघितला, दाराची कडी दोनदा लावून बघितली आणि घाटावर परत गेली. असं तीनदा झालं. चौथ्यांदा ती चुंबक घेऊन आली. तिला समितीपुढे रीतसर उभं केलं तेव्हा 'तुला कुठे राहायचं आहे' या प्रश्नाचं तिच्याकडे स्वतःचं उत्तर होतं.

रस्त्यावर राहणारी मुलगी रिकामी पाटी नसते, ताई. कुठे सावली असते, कोणता पोलीस बरा, कोणाच्या टपरीवर उधार मिळतं, कोणत्या माणसापासून लांब राहायचं, हे सगळं तिनं स्वतः उभं केलेलं असतं. आपण तिला आत आणतो तेव्हा हे सगळं एका दिवसात तिच्या हातून जातं, तिची कमाईसुद्धा. त्याच्या बदल्यात आपण तिला घंटा वाजली की उठणं आणि रांगेत जेवणं देतो. पळून जाणाऱ्या मुलीला कृतघ्न म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. तिचं जे होतं त्यातलं तिला काय राखता आलं, ते बघा.

पहिले काही आठवडे अवघड असतात. ती पलंगावर झोपत नाही, दाराजवळ जमिनीवर झोपते. झोपू द्या. दिवा चालू ठेवा. उशीखाली चपात्या सापडतात, मुंग्या लागतात. रागावण्याऐवजी आम्ही उशाशी शेंगदाण्या-गुळाचा डबा ठेवतो, तो कधीही रिकामा होऊ देत नाही. महिन्या-दीड महिन्यात चपात्या लपवणं आपोआप थांबतं. काहींचं अंथरूण ओलं होतं, तेरा-चौदाव्या वर्षीही. त्याची वाच्यता करायची नाही, चादर बदलायची. पंक्चरच्या सोल्युशनची सवय असेल तर चिडचिड, डोकेदुखी, झोप उडणं हे येतंच. भूक आणि थंडी मारायला ती ते हुंगत होती, हे लक्षात ठेवलं की आवाज आपोआप खाली येतो. अशा वेळी सिव्हिलच्या मानसोपचार विभागाची मदत घ्यावी. रक्त तपासून घ्यायचं, अंगात रक्त कमी असतंच बहुधा. खरूज, दात आणि टीबी बघायचा. आणि ती पळून गेली, तर परत येईल तेव्हा पहिलं वाक्य 'जेवलीस का?' एवढंच. चुंबकवाली आत आल्यावरही दोनदा निघून गेली होती.

एक गोष्ट तुम्ही शिक्षिका म्हणून पक्की जाणून घ्या. एखादी मुलगी कधीतरी तुम्हाला सांगेल की कोणी तिच्याशी काय केलं. बहुतेक वेळा सहज, दुसऱ्याच विषयात, केस विंचरताना वगैरे. तेव्हा 'कोणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका, ते तुम्हाला पाळता येणार नाही. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा २०१२, त्यानुसार पोलिसांना कळवणं सक्तीचं आहे. खोदून विचारू नका, तिचेच शब्द लिहून ठेवा, आणि पुन्हा पुन्हा चार जणांपुढे वदवून घेऊ नका. जबाब तिच्या घरी किंवा ती म्हणेल तिथे घेता येतो, शक्यतो महिला उपनिरीक्षकानं घ्यायचा असतो, आणि गणवेश घालून नाही. रात्री तिला ठाण्यात ठेवता येत नाही. तपासणी बाई डॉक्टरनंच करायची. घटना ताजी असेल तर ७२ तास फार महत्त्वाचे, कारण गर्भ राहू नये म्हणून द्यायची गोळी आणि एचआयव्हीपासून बचावाची औषधं त्या वेळेत सुरू व्हायला हवीत. सरकारी रुग्णालयात ती फुकट मिळतात. राज्याच्या मनोधैर्य योजनेतून अर्थसाहाय्य मिळतं, त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा. हे सगळं लिहून एक कागद पर्समध्ये ठेवा. वेळ आली की आठवत नाही.

आता तुमच्या दोघींकडे येते. धाकटीचं त्या मानानं सोपं आहे. शिक्षण हक्क कायद्यानं तिला वयानुरूप वर्गात बसवता येतं आणि मागे राहिलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षण मिळतं. जन्मदाखला नाही म्हणून शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. तुम्ही शिक्षिका आहात, तुमच्या शब्दाला मुख्याध्यापकांकडे वजन आहे, ते वापरा. वर्गात तिचं गणित आधी तोंडी घ्या. वीस रुपयाला एक असे तीन गजरे आणि शंभराची नोट, हे ती तुमच्याआधी सांगेल. कागदावरची वजाबाकी तिला त्याच व्यवहारातून शिकवता येते. आणि अंघोळीची सोय बघा. वर्गात 'वास येतो' हा शब्द एकदा ऐकला की मुलगी परत येत नाही. शाळेत तासभर आधी येऊन तिथेच अंघोळ करून गणवेश घालायची मुभा मिळाली, म्हणून टिकलेल्या मुली मी पाहिल्या आहेत.

थोरलीबद्दल मला जास्त काळजी वाटते. तेरा-चौदा म्हणजे पालावर 'हिला उजवून टाकू' अशी बोलणी सुरू होण्याचं वय. आई निर्दयी असते म्हणून नव्हे. एका आईनं मला सांगितलं होतं, "ताई, पोरगी शहाणी झाल्यापासून मी रात्री डोळ्याला डोळा लावला नाही." शहाणी होणं म्हणजे पाळी येणं, आमच्याकडे अजून तसंच म्हणतात. दार नसलेल्या घरात वयात आलेली मुलगी सांभाळायची तर तिला लग्न हेच एक दार दिसतं. तिथे जाऊन अठरा वर्षांचा कायदा ऐकवला तर ती मान डोलावते आणि गावी जाऊन लग्न लावून येते. तिला मुलीच्या रात्रीची सोय दाखवा. आश्रमशाळा, समाजकल्याणचं वसतिगृह, एखादं चांगलं बालगृह, जिथे आईला कधीही येऊन भेटता येईल. मुलगी रात्री सुरक्षित आहे म्हटल्यावर लग्नाची घाई सुटलेली मी बऱ्याचदा पाहिली आहे.

पैशांसाठी दोन वाटा आहेत. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेतल्या प्रायोजकत्वातून मुलामागे दरमहा ४००० रुपये मिळू शकतात, त्यासाठी शहरात कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ९६,००० रुपयांपेक्षा जास्त नसावं लागतं. वडील नसतील किंवा आई आजारी असेल तर राज्याची बालसंगोपन योजना आहे, तिच्यात दरमहा २२५० रुपये. दोन्हींची चौकशी जिल्हा बाल संरक्षण कक्षात करायची. घोडं अडतं ते कागदांवर. जन्माची नोंद नाही, रेशनकार्ड गावाकडचं किंवा नाहीच, आधारवर वय अंदाजानं टाकलेलं. भटक्या-विमुक्तांच्या जातीच्या दाखल्याला १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. ज्यांची आजी पालावर जन्मली आणि पालावरच गेली, त्यांनी तो कुठून आणायचा? या एका प्रश्नापायी मी तहसीलच्या पायऱ्या जितक्या झिजवल्या तितक्या दुसऱ्या कशासाठीही नाहीत. तुम्हाला खरोखर मदत करायची असेल तर शिकवण्याआधी एक फाइल करा. प्रत्येक कागदाच्या तीन झेरॉक्स. एक संच आईकडे प्लास्टिकच्या पिशवीत, दोन तुमच्याकडे. पालाला आग लागते, पाऊस पडतो, सामान उचललं जातं, आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

हे सगळं आत्ताच करण्याचं कारणही आहे. सिंहस्थ कुंभमेळा तोंडावर आहे. २०१५ च्या वेळी पर्वणीच्या आधी घाटावरची आणि पुलांखालची कुटुंबं हलवली गेली. आमच्या ओळखीच्या मुली पांगल्या, काही वर्षभरानं सापडल्या, काही नाहीच. ज्या मुलींचं नाव शाळेच्या पटावर होतं, त्यांचा पत्ता आम्हाला शाळेतून लागला. पटावर नाव असणं म्हणजे मुलगी कोणाच्या तरी मोजणीत असणं.

चुंबकवालीनं शाळा मध्येच सोडली होती. नंतर १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी दिली, दुसऱ्या खेपेला सुटली. तिला शिवणकाम शिकवायची सगळ्यांना घाई होती. रस्त्यावरची मुलगी म्हटली की लोक शिलाई मशीनच दान देतात, का ते मला कळलेलं नाही. तिला यंत्रांजवळ काम हवं होतं. आज ती अंबडच्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. अठरा झाल्यावर बालगृह सुटतं, पण कायद्यानं २१ वर्षांपर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे संस्था सुटल्यानंतरच्या मदतीची, सोय आहे, ती आम्ही तिला मिळवून दिली. तरी खोली भाड्यानं घेताना घरमालकानं 'आईवडील कुठे असतात' विचारलं तेव्हा ती जिन्यावरून परत फिरली होती. दुसऱ्या दिवशी मी सोबत गेले, करारावर साक्षीदार म्हणून सही केली. या मुलींना सोळाव्या वर्षापासूनच बँकेचं खातं, भाड्याचा करार, गॅसची नोंदणी, आजारी पडल्यावर फोन कोणाला करायचा, हे शिकवायला हवं. आणि तो फोन उचलणारं माणूस पाच-सात वर्षांनीही तेच असायला हवं. तुम्ही या दोघींच्या आयुष्यात शिरणार असाल तर तेवढी तयारी ठेवा. नसेल तर तसं आत्ताच ठरवा आणि फक्त शाळेच्या प्रवेशापुरती मदत करा. तीही मोठीच आहे.

पहिल्या भेटीला गाडीतून जाऊ नका, चालत जा. दुपारी चारच्या सुमाराला, गर्दी कमी असताना. मुलींशी नाही, आईशी बोला. कळ्या कुठून आणता, आज भाव काय होता, एवढंच. फोटो काढू नका. वही-पेन्सिल, जुने कपडे काही नेऊ नका. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत ती स्वतःच एखादी अडचण सांगेल, बहुधा कागदाची किंवा आजारपणाची. तिथून सुरुवात करा. बुधवारी गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर, बाजार असतो, त्या दिवशी त्या तिकडे असण्याची शक्यता जास्त. गुरुवारी जा.